तारण

शनिवार, रात्र

आज पतसंस्थेत सोनेतारण कर्जासाठी एक वयस्कर बाई आल्या होत्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी दोन पाटल्या काउंटरवर ठेवल्या. सराफाने एक पाटली कसोटीवर घासली, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडला आणि आतली लाख वजा करून वजन सांगितले. बाईंची नजर शेवटपर्यंत काट्यावरून हलली नाही. ‘तारण’ हा शब्द मी दिवसभर लिहितो, आणि तिथे त्याचा अर्थ एकच असतो: आधी मोलाचे काही ठेवा, मग मागा.

संध्याकाळी बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय वाचला. तिथल्या येशूच्या दाखल्यात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा केलेला उपास आणि उत्पन्नाचा दिलेला दशमांश देवापुढे मांडतो. दूर उभ्या असलेल्या जकातदाराजवळ मांडण्यासारखे काहीच नाही, तो ऊर बडवून फक्त दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदारच. परूशी मला परका वाटला नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ थांबलो नाही. त्यानंतर अकरा वर्षे मी चर्चच्या मंडळीचे हिशेब सांभाळले, एकही उपासना चुकवली नाही, आणि या सगळ्याला सेवा म्हणत असलो तरी मनातून मी ते देवाकडे तारण म्हणून ठेवत होतो.

प्रेषित पौल इफिसकरांस पत्रात लिहितो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते. ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे. हे वाक्य मला तोंडपाठ आहे, पण पाठ असणे आणि पटणे यांत किती अंतर असते! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगायला आणखी सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणले ते त्यानंतर. ते काम तारणाची किंमत म्हणून झालेले नव्हते. मिळालेल्या कृपेतून ते उभे राहिले, आणि पौलही त्याच अध्यायात सत्कृत्यांचा उल्लेख कृपेनंतरच करतो.

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर घेण्याचा विधी, आहे. भाकर घेताना तळहात उघडा पुढे करावा लागतो. उद्या तो पुढे करताना वडिलांचे नाव घेऊन क्षमा मागणार आहे, आणि त्या अकरा वर्षांविषयी काहीही बोलणार नाही.