पोटोसी: चांदीच्या डोंगराखालचं शहर

बोलिव्हियातलं पोटोसी 4,000 मीटरच्या वर आहे, त्यामुळे थेट इथे येऊ नका. आम्ही आधी साधारण 2,800 मीटरवरच्या सुक्रेत मुक्काम केला, मग बसने तीन-साडेतीन तासांत वर आलो. तरीही पहिल्याच चढाला धाप लागली. पहिला दिवस हलकं जेवण, भरपूर पाणी, कोकाच्या (ज्यापासून कोकेन काढतात त्या झुडपाच्या) पानांचा चहा, दारू नाही. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं तर वाट न बघता खाली उतरा. कोकाची पानं इथे सर्रास मिळतात, पण भारतात आणणं गुन्हा आहे.

खाणीआधी टांकसाळ बघा, कासा दे ला मोनेदा. ही इमारत 1773 मध्ये पूर्ण झाली. चांदीच्या पट्ट्या लाटणारी लाकडी यंत्रं अजून उभी आहेत. दात्यांची चाकं माणसापेक्षा उंच, आणि ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं गोल गोल चालवत. इथलीच चांदी युरोपी व्यापाऱ्यांमार्फत सुरतेपर्यंत पोचून मुघलांच्या रुपयांत वितळली. आत थंडी फार, स्वेटर घालूनच जा.

सेरो रिको, म्हणजे ज्या डोंगरात 1545 मध्ये चांदी सापडली तो, शहरातून सतत दिसतो. स्पॅनिशांनी 'मिता' पद्धतीने दूरदूरच्या गावांतून आदिवासी पुरुषांना इथे वेठीला धरलं. किती जण मेले याचा हिशोब कुणाकडेच नाही. आजही सहकारी संस्थांचे कामगार जस्त, शिसं, चांदी काढतात आणि सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराने, तरुणपणीच जातात. आतून पोखरल्याने शिखर खचतंय. 2014 पासून युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत पोटोसी आहे.

खाणीत जावं का? दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असेल तर मुळीच नको. धूळ, उकाडा, काही ठिकाणी रांगत जावं लागतं, दरड कोसळण्याचा धोका खरा आहे. जायचंच तर माजी खाणकामगार मार्गदर्शक असलेली फेरी निवडा, चांगला मास्क स्वतःचा न्या. खाणकामगारांच्या बाजारातून त्यांच्यासाठी हातमोजे, सरबत, कोका घ्या. पर्यटकांसाठी डायनामाइट उडवून दाखवणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. आत शिंगं असलेल्या 'तिओ'च्या, म्हणजे कामगार ज्याला खाणीचा मालक मानतात त्याच्या, मूर्तीपुढे कामगार कोका आणि सिगारेट ठेवतात. तिथे गप्प उभं राहावं, फोटो विचारूनच काढावा.

शाकाहारींनी सूप मागवताना मांसाचं विचारून घ्या. पुढे मिठाच्या वाळवंटाजवळच्या उयुनी गावाला बसने साधारण चार तास लागतात.