सोलापूरचं ऊन, ज्वारीची भाकरी आणि हाडं

सोलापुरात राहून व्हिटॅमिन डी कमी कसं, असं रिपोर्ट हातात पडल्यावर बरेच जण विचारतात. ऊन रग्गड आहे, पण ते अंगावर पडतं कुठे? विड्या वळणाऱ्या बायका दिवसभर घरात, यंत्रमागावरचा कामगार शेडमध्ये, आणि गाडीवरून जाणारी मुलगी स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून. इथला उन्हाळा बघता तिचं काही चुकत नाही, पण डी तयार व्हायला उघडी कातडीच लागते.

त्यात वेळ चुकते. ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला घरोघरी मिळतो, पण सात वाजता सूर्य तिरपा असतो आणि डी तयार करणारे यूव्हीबी किरण बहुतेक वातावरणातच अडतात. घड्याळापेक्षा सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. मे महिन्यात साडेनऊच्या सुमाराला ती आखूड होते. तेव्हाच ऊन घ्या आणि दहापर्यंत सावलीत या, भर दुपारी गच्चीवर थांबू नका. डिसेंबरात मात्र साडेअकरा ते दीडच्या मध्येच जायला हवं. हात-पाय उघडे ठेवून पंधरा ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. रंग जितका सावळा तितका वेळ जास्त. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन नुसतं तापवतं, यूव्हीबी काचेतच अडतं.

आता ताट, म्हणजे हाडांना लागणारं कॅल्शियम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते तीसच्या आतच असतं. शेंगाची चटणी चमचाभर घेतली तर आठ-दहा मिलिग्रॅम. म्हणजे भाकरी, चटणी, पिठलं एवढ्यावर दिवस काढला तर हाडांच्या वाट्याला फार थोडं येतं, पोट कितीही भरो.

भाकरी सोडायची गरज नाही. दळायला देताना चार किलो ज्वारीत एक किलो नाचणी टाका. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम असल्यामुळे भाकरीतलं कॅल्शियम तिपटीच्या पुढे जातं. नाचणी निम्म्यावर नेली तर भाकरी थापताना तुटते. मग उकड काढूनच मळा. शेंगाच्या चटणीत पाव हिस्सा तीळ भाजून कुटून घाला. टेबलस्पूनभर तिळात १०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण अख्खे तीळ न चावता गिळले तर त्यातलं बरंच वाया जातं. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतो, ते बाकीचे महिनेही लावायला काय हरकत आहे? पालेभाजीत शेवग्याचा पाला उत्तम. पालकावर भिस्त नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. याशिवाय दोनशे मिली दूध आणि वाटीभर दही मिळून चारशे मिलिग्रॅमच्या आसपास.

एवढं करूनही डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या कशा घ्यायच्या तेही बघा. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून हजाराची मात्रा असेल तर सकाळ-संध्याकाळ विभागा. लोहाची गोळी त्याच वेळी नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडच्या गोळीचा गुण येत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती डीच्या ६०,००० युनिटच्या पुडीत. ती सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. पण ‘शक्तीची पुडी’ समजून कुणी रोज घेतं, कुणी चिठ्ठी जुनी झाली तरी महिनोन्‌महिने आणत राहतं. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पुडी सुरू असताना अशी लक्षणं दिसली तर ती थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जाऊन रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.