खेळाडूंकडून रेटिंग मागताना: माझा अनुभव

आमच्या ऑनलाइन गेमला खेळणारे बऱ्यापैकी होते, पण रेटिंग देणारे मोजकेच, आणि त्यातले बहुतेक चिडलेले. ज्याचा खेळ सुरळीत चाललाय तो कशाला स्टोअरवर जाऊन लिहीत बसेल? सर्व्हर बसला, मॅच मध्येच तुटली, की मात्र लगेच एक तारा. गप्प खेळणाऱ्यांना बोलतं करायचं काम माझ्याकडे आलं.

ज्याला त्याला विचारलं तर सल्ला एकच: पाच तारे द्या, कॉइन्स घ्या. हे चालत नाही. बक्षिसाच्या बदल्यात रेटिंग घ्यायला गूगल प्ले आणि ॲप स्टोअर, दोन्हीकडे मनाई आहे. शिवाय असे रिव्ह्यू लांबूनच ओळखू येतात. ‘नाइस गेम’, ‘गुड’, ‘कॉइन्स कधी मिळणार?’

दुसरा सल्ला जरा हुशारीचा. आधी आपलाच पॉपअप दाखवायचा, ‘गेम आवडला का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला स्टोअरवर न्यायचं, ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात तक्रारीचा फॉर्म द्यायचा. माझा सहकारी याच्या बाजूने होता. “सगळेच करतात रे,” तो म्हणाला. मी म्हटलं, “करू देत. उद्या गेम स्टोअरवरून उतरवला तर सगळे येणारेत का आपल्यासाठी भांडायला?” गूगलच्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की रेटिंगचं कार्ड, म्हणजे तारे द्यायची छोटी चौकट, दाखवण्याआधी किंवा दाखवताना ‘आवडलं का’, ‘पाच तारे द्याल का’ असं काहीही विचारू नये. ॲपललाही असे गाळून घेतलेले अभिप्राय नकोत.

मग उरला अधिकृत रस्ता. ॲपलने 2017 मध्ये आयफोनच्या आयओएस 10.3 या सिस्टिमपासून आणि गूगलने 2020 मध्ये गेमच्या आतच रेटिंगचं कार्ड दाखवायची सोय दिली. पण यात आपण फक्त विनंती करायची, कार्ड दाखवायचं की नाही ते सिस्टिम ठरवते. ॲपलकडे 365 दिवसांत एका खेळाडूला जास्तीत जास्त तीनदा. गूगलकडेही मर्यादा आहे, आणि कार्ड दिसलं की नाही, रेटिंग दिलं की नाही, हे आपल्याला कळवलंच जात नाही. म्हणून ‘रेटिंग द्या’ या बटणाला ही विनंती जोडायची नसते. खेळाडू बटण दाबतो आणि काहीच होत नाही. आम्ही सेटिंग्जमधलं बटण सरळ स्टोअरच्या पानाला जोडलं. (टेस्टफ्लाइट, म्हणजे ॲपलची चाचणीची सोय, तिथून टाकलेल्या गेममध्ये आयफोनचं कार्ड येतच नाही, हे टेस्टिंगवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बग नोंदवून नोंदवून जीव खातील.)

संधी मोजक्या, त्यामुळे खरा प्रश्न ‘कधी’ हाच. सगळे म्हणतात, जिंकल्यावर विचारा. मी चार जणांना शेजारी बसवून खेळायला दिलं आणि पडद्यापेक्षा त्यांच्या बोटांकडे बघत बसलो. मॅच जिंकली की निकालाची पाटी येते आणि अंगठा ‘पुढची मॅच’च्या जागेवर आधीच तयार असतो. तिथे कार्ड आलं की तो न वाचता ‘आत्ता नको’ दाबतो, एक संधी फुकट. तोच खेळाडू दोन-तीन मॅच झाल्यावर मुख्य पानावर येतो, मिळालेली पेटी उघडतो, नवा पोशाख पात्राला चढवून उगाच इकडून तिकडून फिरवून बघतो. तेव्हा त्याला कसलीही घाई नसते. आम्ही विनंती तिथे नेली. सोबत अटी घातल्या: गेम बरेच दिवस खेळलेला हवा, त्या दिवशी कनेक्शन तुटलेलं नसावं, लागोपाठ हार नसावी, आणि नुकतेच पैसे भरलेले नसावेत. पैसे घेतल्या घेतल्या कौतुक मागणं मला तरी बरं वाटत नाही.

चिडलेल्यांसाठी ‘अडचण कळवा’ हे बटण मॅच तुटल्यावर येणाऱ्या पानावरच ठेवलं. ते सगळ्यांना दिसतं आणि मॅचचा क्रमांक आपोआप जोडला जातो. ज्याला लगेच तक्रार करता येते, तो स्टोअरपर्यंत जायच्या भानगडीत सहसा पडत नाही.

तरीही जे स्टोअरवर लिहितात त्यांना उत्तर द्यायलाच हवं. गूगल प्लेवर उत्तराला 350 अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ यात जागा घालवू नका. एकाने एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘रँक मॅचमध्ये आवाज जातो, फालतू गेम.’ आम्ही लिहिलं, ‘हेडफोन काढल्यावर आवाज जात होता. आजच्या अपडेटमध्ये दुरुस्त केलंय. तरीही गेला तर फोनचं मॉडेल कळवा.’ तारे वाढवा, असं एका शब्दाने म्हटलं नाही. उत्तर दिलं की खेळाडूला सूचना जाते आणि त्याला रेटिंग बदलता येतं. त्याने चार केले, वर ‘फालतू’ शब्दही काढला. शिवाय 2019 पासून गूगल ताज्या रेटिंगला जास्त वजन देतं, त्यामुळे दुरुस्तीनंतरचे तारे जास्त मोलाचे.

ॲपलकडे नवी आवृत्ती टाकताना जुनं सरासरी रेटिंग पुसायची सोय आहे. आम्ही ती वापरली नाही. वाईटाबरोबर चांगलंही जातं, आणि नव्या खेळाडूला पान ओकंबोकं दिसतं.

आता कार्डाची विनंती सर्व्हरवरच्या एका स्विचने चालू-बंद होते. मोठं अपडेट आलं की तो बंद, गेम अचानक बंद पडण्याचे (क्रॅशचे) आकडे खाली आले की चालू. ते ठरवायचं काम सहकाऱ्याकडे दिलंय, आणि तो माझ्यापेक्षा कडक आहे.