माळावरची पारख

हरणाची शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धाव उभी राहते. पुढे जिवाच्या आकांताने पळणारे हरीण, मागे झेपावणारे जनावर, थोडी धूळ आणि शेवटी पकडलेली मान. दूरचित्रवाणीवर हे सगळे अर्ध्या मिनिटात आटोपते. त्याआधी त्या जनावराने अर्धा दिवस नुसते बसून काढलेला असतो, हे कोणी दाखवत नाही. बसलेल्या जनावराकडे बघत बसायला कोणाला वेळ आहे? पण बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार-पाटोद्याच्या बाजूच्या माळावर, ज्वारी पोटऱ्यात आलेली असताना, बांधावर उभे राहून ज्याने काळविटांचा कळप आणि त्याच्या आसपास रेंगाळणारा लांडगा पाहिला आहे, त्याला हे चांगले ठाऊक असते की शिकारीत पळणे फार थोडे असते आणि पारखणे फार असते.

काटेकोर बोलायचे तर काळवीट हे चितळ-सांबरांच्या कुळातले नव्हे. चितळाची फांद्या फुटलेली शिंगे गळून पुन्हा येतात, तर काळविटाची पिळाची शिंगे जन्मभर तीच राहतात. हा भेद लांडग्याला ठाऊक नाही आणि ज्याच्या हरभऱ्याचे शेंडे रातोरात खुडले गेले आहेत त्या शेतकऱ्यालाही त्यात रस नाही, म्हणून इथे आपणही त्याला हरीणच म्हणू.

हे हरीण ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळू शकते. आपल्याकडचा लांडगा जेमतेम वीस किलोचा, सडपातळ, उंच पायांचा, मळक्या मुरमाच्या रंगाचा. सरळ शर्यत लावली तर धडधाकट काळविटापुढे त्याचा निभाव लागणार नाही, आणि हे त्यालाही पक्के माहीत असते. म्हणून तो शर्यत लावतच नाही. तो उघड्यावरून, लपण्याची फारशी तसदी न घेता, कळपाच्या कडेकडेने दुडक्या चालीने जातो. माना वर होतात. कळप शे-दोनशे पावले पळतो आणि थांबून वळून पाहतो, तर लांडगा खाली बसलेला असतो. पुन्हा उठतो, पुन्हा थोडे पळवतो. माळेगावच्या यात्रेत जाणता व्यापारी जसा बैलाच्या रंगाला न भुलता त्याला चार पावले चालवून बघतो, तसा हा कळपाला पळवून बघत असतो. कोणाचा पाय किंचित ओढतो आहे, कोणाची लय कळपाशी जुळत नाही, कोण वळताना अडखळते आहे, हे त्याला हवे असते. त्यात काही हाती लागले नाही, तर तो आळस देऊन सरळ चालू लागतो, आणि बघणाऱ्याला वाटते की काहीच घडले नाही.

काही हाती लागले तर मात्र चित्र पालटते. आमच्याकडचे लांडगे मोठ्या टोळीने राहत नाहीत; बहुधा एक जोडी आणि त्यांची वाढती पिले, एवढाच कुटुंबकबिला. पण दोघांतही कामाची वाटणी असते. एक जण दिसेल असा उभा राहतो आणि दुसरा लांबून वळसा घालून ओघळीत दबा धरतो. दिसणाऱ्याला टाळण्यासाठी वळलेला कळप न दिसणाऱ्याच्या तोंडी जातो. सपाट वाटणाऱ्या माळावर पावसाने कोरलेल्या या ओघळी शेतकऱ्याच्या दृष्टीने वाया गेलेली जमीन असते. लांडग्याचे घर मात्र बरेचसे त्यांच्यावरच चालते. हिवाळ्यात गुहेत पिले असली की हा शिकारी पोट तुडुंब भरून परततो आणि पिलांनी तोंड चाटल्यावर गिळलेले मांस त्यांच्यापुढे ओकतो. पोट ही त्याची पिशवीच असते म्हणा ना.

पाडसांची गोष्ट निराळी आहे. नुकते जन्मलेले पाडस पळू शकत नाही, म्हणून ते गवतात अंग चोरून निपचित पडून राहते आणि आई त्याच्यापासून बरीच दूर, जणू आपला काही संबंध नाही अशा थाटात, चरत असते. दूध पाजण्यापुरती ती जवळ येते आणि लगेच दूर जाते. तिच्या वासाने आणि हालचालीने जागा उघडी पडू नये, हा त्यातला हिशेब. कोल्हाही या पाडसांच्या मागावर असतो आणि वरून मोठ्या गरुडाची नजर असतेच. लांडगा वाऱ्याकडे तोंड करून, नाक खाली घालून, गवताची पट्टीच्या पट्टी पालथी घालतो. या शोधात वेग कुठेच नाही. हे निव्वळ चिकाटीचे काम आहे.

मग या हरणाला एवढा अफाट वेग कशासाठी लागला असेल? त्याचे बरेचसे उत्तर आपल्या माळांवरून नाहीसे झाले आहे. ते उत्तर म्हणजे चित्ता. दबकत शक्य तितके जवळ जायचे, मग काहीशे मीटरांचा एकच जीवघेणा झपाटा, पंजाच्या फटकाऱ्याने हरणाचा तोल घालवायचा आणि गळा दाबून धरायचा, अशी त्याची रीत. त्यानंतर तो इतका धापा टाकतो की काही वेळ त्याला पुढ्यातले खाणेही सुचत नाही. राजेरजवाड्यांनी त्याला पाळून काळविटांवर सोडले. कोल्हापूर संस्थानात ही चित्त्याची शिकार प्रसिद्ध होती. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून नेत, कारण रोज दिसणाऱ्या बैलगाडीला हरणे बुजत नसत; माणसाची ही लबाडी चित्त्याच्या दबकण्यापेक्षा वरचढ म्हणावी लागेल. आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास मारलेले तीन चित्ते हे देशातले शेवटचे नोंदलेले चित्ते ठरले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडले गेले ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी. त्या दिवशी आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते, एवढाच मराठवाड्याचा आणि त्या घटनेचा संबंध. माळावरचे काळवीट मात्र मागे चित्ता नसतानाही चित्त्याच्याच हिशेबाने पळत आले आहे.

वाघ-बिबट्यांची रीत झाडोऱ्याची आहे. आडोशाआडून अगदी जवळ पोचायचे, आणि पहिली झडप फसली तर बहुधा नाद सोडायचा. त्यांच्या बहुतेक झडपा वायाच जातात. किनवटच्या अंगाला, पैनगंगेच्या जंगलात हे चालते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालून धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग घाटात अवतरला, तेव्हा त्याने हरणांपेक्षा गोठ्यातल्या जनावरांवरच जास्त भागवल्याच्या बातम्या आल्या. ताडोबा-मेळघाटातले कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, शीळ घालून एकमेकांना बोलावतात आणि टोळीने चितळाला दमवतात. ते आमच्याकडे नाहीत.

आमच्याकडे आहेत ती कुत्री. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर आणि ढाब्यांच्या उष्ट्यावर पोसलेली ही कुत्री टोळीने माळावर निघतात आणि हरणाच्या मागे लागतात. कुत्रा हा लांडग्याच्याच वंशातला. त्याच्यात पाठलागाची हौस पूर्ण उरली आहे, पण पारख गेली आहे. तो निवडत नाही, समोर येईल त्याला पळवतो. त्यात हरीण तारेच्या कुंपणात अडकते नाहीतर बिनकठड्याच्या विहिरीत पडते. कधी ते सुटलेही, तरी अतिरेकी धावपळीने आणि भीतीने त्याचे स्नायू आतून निकामी होतात आणि अंगावर ओरखडाही नसताना ते काही तासांत किंवा दिवसांत मरते. माझ्या ओळखीचा एक धनगर म्हणाला, “गुरुजी, लांडगं एक नेतंय अन् आठ दिस दिसत न्हाई. ह्ये कुत्रं खात बी न्हाई अन् बसू बी देत न्हाई.” यात लांडग्याला थोडे झुकते माप आहे, कारण वाघरीत, म्हणजे कळपाभोवती लावलेल्या जाळीत, शिरलेला लांडगाही कधीकधी भान हरपून दोन-चार मेंढ्या फाडतो, पण कुत्र्याबद्दलचे त्याचे म्हणणे मला जसेच्या तसे पटते.

काळविटाची आणि चिंकाऱ्याची एक सवय या संदर्भात पाहण्यासारखी आहे. शत्रू दिसला की पळण्याच्या भरात ते मधूनच चारही पाय एकदम उचलून उंच उड्या मारते. पळताना असा वेळ घालवणे वेडेपणाचे वाटते. पण मी तुला पाहिले आहे आणि माझ्यात भरपूर ताकद आहे, हे शिकाऱ्याला कळवण्याचा तो मार्ग असावा, असे अभ्यासक मानतात. समोर लांडगा असेल तर तो ही उडी जोखतो, तिचा अर्थ लावतो आणि आपले श्रम वाचवतो. कुत्रा मात्र ती उडी पाहून आणखी चेकाळतो आणि जोरात भुंकू लागतो.

त्या धनगराने आपल्या दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात, ओढाळ गुरांना बांधतात तसे, लाकडाचे लोढणे अडकवले आहे. चालायला त्याची अडचण होत नाही. पळू लागले की ते पुढच्या पायांवर आपटते आणि कुत्रे विव्हळत थांबते. गावातल्या बाकीच्या कुत्र्यांना मालक नाही, म्हणून त्यांना लोढणेही नाही.