लेआच्या मुलाच्या तोंडचं एक वाक्य

शनिवार, रात्र. शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर.

आजचा परशा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, तोराचा, या आठवड्याला वाचायचा भाग, वयिग्गश. याकोबाचा मुलगा यहूदा मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, कारभाऱ्यापुढे उभा राहतो आणि धाकटा भाऊ बन्यामीनच्या बदली मला गुलाम करा म्हणतो. समोरचा कारभारी म्हणजे योसेफ, वीस चांदीच्या नाण्यांना विकलेला आपलाच भाऊ, हे त्याला ठाऊक नसतं. विकायची कल्पनाही यहूदाचीच होती.

आम्हा बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांत पूर्वी तोरातल्या कथांवर मराठीत कीर्तनं व्हायची. आजीला त्यातली पदं पाठ होती. योसेफ ओळख देतो तिथे आली की तिचा गळा भरून यायचा. माझा जीव मात्र हल्ली त्याच्या जरा आधी अडकतो. यहूदा आपल्या बापाचं बोलणं त्या कारभाऱ्याला सांगतो: ‘माझ्या बायकोला दोन मुलगे झाले, हे तुम्ही जाणता.’

दोन! याकोबाला मुलगे बारा. हे दोघे, योसेफ आणि बन्यामीन, त्याच्या लाडक्या बायकोचे, राहेलचे. यहूदा लेआचा, आणि लेआही याकोबाची बायको, सहा मुलग्यांची आई. बापाच्या हिशेबात ती बायकोच नाही. आणि हे शब्द तिचाच मुलगा परक्या माणसापुढे उच्चारतो, मनात काही न ठेवता. वर सांगतो, बाबांचा जीव या पोरात गुंतलाय, हा परत गेला नाही तर ते जगणार नाहीत.

योसेफाला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा तीस, त्यानंतर सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन. म्हणजे बावीस वर्षं उलटली. इतक्या वर्षांत याकोब बदललेला नाही. पूर्वी योसेफ लाडका, आता बन्यामीन. बदलला तो यहूदा. मधल्या काळात त्याचे दोन मुलगे गेले. सून तामार हिच्यापुढे ‘ती माझ्यापेक्षा न्यायी आहे’ असं त्याला चारचौघांत म्हणावं लागलं. पोर गमावणं म्हणजे काय, हे कळलेला बाप आता दुसऱ्या बापासाठी बोलतोय. बाराव्या शतकात रामबामने, म्हणजे ज्यू धर्मपंडित मैमोनिदेसने, लिहून ठेवलंय की तशीच वेळ, तशीच संधी पुन्हा आली आणि माणूस त्या पापापासून दूर राहिला, तर तो पश्चात्ताप पूर्ण. इथे तर सगळं तसंच जुळून आलेलं: राहेलचा मुलगा, बापाचा लाडका, आणि त्याला मिसरात सोडून जायची आयती वाट.

तालमूद, म्हणजे आमच्या धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, याकोबालाही सोडत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यातल्या शब्बाथ या भागात म्हटलंय की मुलांमध्ये कधी डावं-उजवं करू नये. याकोबाने योसेफाला दोन सेला वजनाचं तलम कापड इतरांपेक्षा जास्त दिलं, त्यावरून भावांत मत्सर पेटला आणि शेवटी आपले पूर्वज मिसरात गेले. एवढ्याशा कापडापायी! आईबापांचं चुकतं, आणि धर्मग्रंथ ते झाकत नाही.

मी हे इतकं लिहितेय कारण आमच्या घरात धाकटा भाऊ आईचा बन्यामीन आहे. तो इस्राएलला, अश्दोदला. आई माझ्याकडे, ठाण्यात. तिची औषधं, दवाखाना, चपात्या मऊ हव्यात की नकोत, सगळं मी बघते, आणि संध्याकाळ झाली की ती विचारते, ‘त्याचा फोन आला का गं?’ पूर्वी हे ऐकलं की आत काहीतरी तुटायचं. आता मीच फोन लावून तिच्या हातात देते. तिचा जीव तिथे गुंतलाय. तो तिथून सुटावा असं आता मला वाटत नाही.

काल संध्याकाळी मनुकांच्या शरबतावर किद्दुश, शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, झाला. त्याआधी यांनी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिले. मुलाला एफ्राईम आणि मनश्शे या योसेफाच्या मुलांसारखा हो, मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी हो. राहेल आणि लेआ, दोघी शेजारी शेजारी. ज्या लेआला नवऱ्याने मोजलं नाही, तिचं नाव दर शुक्रवारी माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवलं जातं. एफ्राईम-मनश्शेचा भाग पुढच्या आठवड्यात येईल. तिथेही आजोबा याकोब हात आडवे करून उजवा हात धाकट्याच्याच डोक्यावर ठेवतात. पण त्या दोघा भावांमध्ये यावरून भांडण झाल्याचं तोरा कुठेही सांगत नाही. म्हणूनच मुलांना त्यांच्यासारखे व्हा म्हणतात, असा एक अर्थ लावला जातो. तो मला पटतो.

पुढच्याच परशात बाप गेल्यावर भाऊ पुन्हा योसेफाला घाबरतात. सतरा वर्षं त्याच्या आश्रयाला राहूनसुद्धा. योसेफ ते ऐकून रडतो. लाडक्या मुलालाही काही सोसावं लागत असेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. उद्या धाकट्याशी बोलेन तेव्हा विचारणार आहे, आई आमच्यापेक्षा त्याला जास्त जपायची तेव्हा आमच्यात बसताना त्याला काय वाटायचं.