बाळाचा रंग : गुलाबी

माझ्या लेकीच्या जन्माच्या नोंदीत रंगापुढे ‘गुलाबी’ असं लिहिलंय. लेक सावळी आहे, थेट बाबावर गेलेली, आणि जन्मली तेव्हाही गुलाबी नव्हती. नर्सने ठरलेल्या रकान्यात ठरलेला शब्द लिहिला आणि ती पुढच्या बाळाकडे वळली. मला तो शब्द अजून टोचतोय.

बाळ जन्मलं की पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला अपगारचे गुण देतात, म्हणजे बाळाची तब्येत कशी आहे याचे झटपट गुण, हे पुण्यातल्या आयांना माहीत आहेच. त्या दहा गुणांत दोन रंगाचे, आणि मूळ पद्धतीत सगळं अंग गुलाबी असेल तरच पूर्ण दोन. मी राहते त्या इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये २०२१ च्या जनगणनेत आशियाई लोक गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले, तरी शब्द तोच. २०२३ मध्ये एनएचएसच्याच, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्याच, रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीने एक अहवाल काढला. नवजात बाळ तपासताना ‘गुलाबी’, ‘निळं’, ‘फिकट’ या शब्दांवर विसंबलं तर सावळ्या आणि काळ्या बाळांचं दुखणं नजरेतून सुटू शकतं, असं त्यात सरळ म्हटलं आहे. आपल्याच यंत्रणेचं बोट आपल्याच यंत्रणेवर! हे मला फार मोठं वाटतं.

त्या अहवालाचा अर्थ मला घरीच दिसला. हॉस्पिटलातून सोडल्यावर मिडवाइफ, म्हणजे इथली शिकलेली सुईण, घरी तपासायला आली. लेक झोपाळू, दूध ओढत नव्हती. आई पुण्याहून व्हिडिओवर सांगत होती, “अगं, कोवळ्या उन्हात धर तिला.” नोव्हेंबरचे दिवस, ऊन कुठलं? मिडवाइफने तिला खिडकीशी नेलं. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं. खालचा ओठ हलकेच दुमडून हिरड्या पाहिल्या. मग लेक डोळे उघडेपर्यंत घाई न करता थांबली आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पाहिला. तो पिवळसर होता. कातडीवर मला, नवऱ्याला, आईला, कुणालाही काही दिसलं नव्हतं. तिने पिशवीतून छोटं यंत्र काढून छातीला टेकवलं आणि बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा पाहून आम्हाला लगेच हॉस्पिटलात पाठवलं. लेक निळ्या दिव्याखाली राहिली आणि बरी झाली. “सावळ्या बाळाची कावीळ नुसती कातडी बघून ठरवायची नाही, आणि उन्हावर तर अजिबात सोडायची नाही,” असं ती निघताना म्हणाली. तुमच्यापैकी कुणाच्या घरी नवं बाळ असेल आणि ते पेंगत असेल, दूध ओढत नसेल, तर एवढं लक्षात ठेवा. डॉक्टरांना बिलिरुबिन मोजायलाच सांगा.

हे सगळं आधीच सुरू झालं होतं. हॉस्पिटलात माझं नाव घातलं तेव्हाच माझ्या वंशाच्या रकान्यावर खूण झाली, आणि माझं मूळ भारतातलं म्हणून गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी लागली. घरी येऊन मी आकडे वाचत बसले. इथे दर वर्षी प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करून अहवाल निघतो. २०१९ ते २०२१ या काळात गोऱ्या बायकांच्या मानाने कृष्णवर्णीय बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं, आशियाई बायकांमध्ये जवळजवळ दुप्पट. मी पुण्याच्या सहकारनगरात वाढलेली, शिकलेली, कमावती. आयुष्यभर मला सगळं नीट मिळत आलं. ‘जोखमीचा गट’ म्हणजे दुसरं कुणीतरी, अशीच माझी समजूत होती. इथे त्या गटात मी.

सरकार काही करत नाही असं नाही. मातृसेवेतली विषमता कमी करायला २०२२ च्या फेब्रुवारीत टास्कफोर्स नेमला, २०२३ च्या मार्चमध्ये एनएचएसचा तीन वर्षांचा आराखडा आला. पण त्याआधी, २०१९ च्या आराखड्यात एक वचन होतं : २०२४ पर्यंत ७५ टक्के कृष्णवर्णीय आणि आशियाई बायकांना पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्याच मिडवाइफ मिळतील. मिडवाइफच पुरेशा नाहीत म्हणून २०२२ च्या सप्टेंबरात ती मुदत काढून टाकली. याचा मला खरा राग आहे. दर तपासणीला नवा चेहरा, आणि दर वेळी माझी कहाणी पहिल्यापासून.

मग पुण्याला का नाही गेलीस, असं मावशी, काकू, मैत्रिणी सगळ्यांनी विचारलं. तिकडे फुकट असतं म्हणून, असा सूरही काहींचा होता. फुकट नाही. व्हिसावर असलेल्या माणसाला आता वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. मी राहिले, कारण माझ्या तपासण्या इथे सुरू झाल्या होत्या आणि बाळाच्या बाबाला पुण्याला जायला इतकी रजा मिळाली नसती. डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी हुकली, ते दुःख आहेच.

पण इथल्या लोकांनी भारताचं नाव निघताच कीव करावी, हेही मी ऐकून घेत नाही. २०१८ ते २०२० च्या आकड्यांत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते. केरळच्या १९ नंतर देशात आपलाच क्रमांक. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरिअनसुद्धा, मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी होते. आईकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या सुनेची तपासणीची तारीख चुकली की आशाताई दारात उभी राहायची. माझी तारीख चुकली तेव्हा मला एक मेसेज आला.

तरी गरोदर बाईकडे हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितल्यावरून २०२५ मध्ये पुण्यात जे रान पेटलं, ते इथे बसून वाचताना जीव तुटला. आणि तो ३३ चा आकडा अख्ख्या राज्याचा आहे. कोथरूडची बाई आणि येरवड्याच्या वस्तीतली बाई यांच्यात किती फरक आहे, हे त्यातून कळत नाही. मातामृत्यूंची चौकशी आपल्याकडेही होते. मग महापालिकेने दर वर्षी वस्तीवार, उत्पन्नवार, जातवार हिशेब लोकांपुढे मांडावा. पुढच्या खेपेला नगरसेवक मत मागायला दारात आले की त्यांना हाच हिशेब विचार, असं मी आईला सांगून ठेवलंय.