बर्लिनमधली आनमेल्डुंग आणि अडलेली एक सही

बर्लिनला शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते. खोली कितीही छान असो, भाडं कितीही परवडणारं असो, घर देणारा माणूस आनमेल्डुंगच्या, म्हणजे सरकारी पत्तानोंदणीच्या, कागदावर सही करणार का ते आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पैसे त्यानंतर. या एका सहीपायी माझ्या पहिल्या सत्राची सुरुवात नासली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

बाकी सगळं तसं सुरळीत झालं. एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र, प्रवेश, व्हिसा, सगळं वेळेत हातात आलं आणि 2025 च्या हिवाळी सत्रासाठी मी ऑक्टोबरमध्ये इथे पोचले. शहर पहिल्या दिवसापासून आवडलं. यू-बानच्या स्टेशनवर कुठे फाटक नाही, सरळ जिना उतरायचा आणि गाडीत बसायचं. साध्या कपड्यांतले तपासनीस मात्र कधीही उभे राहतात आणि तिकीट नसेल तर 60 युरो दंड घेतात. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. तास संपला की सगळा वर्ग मुठीने बाकांवर टकटक करतो, इथे प्राध्यापकांना दाद द्यायची ती अशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकले, पण त्या आवाजात मीही लगेच सामील झाले. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी दूध-भाजी आणून ठेवा.

आता मूळ मुद्दा. जर्मनीत कुठल्याही घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तीच आनमेल्डुंग. ती ब्युर्गरआम्ट नावाच्या सरकारी कार्यालयात होते आणि बर्लिनमध्ये तिला फी नाही. पासपोर्ट, नोंदणीचा फॉर्म आणि घर देणाऱ्याने सही केलेला एक कागद एवढंच लागतं. त्या कागदाला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. मजकूर जेमतेम पानभर: घराचा पत्ता, घर देणाऱ्याचं नाव, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं आणि खाली सही. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो.

मी नॉयक्योल्न भागात एका वेगेमध्ये, म्हणजे शेअर्ड फ्लॅटमध्ये, खोली घेतली होती. फ्लॅट मालकाकडून एकाने भाड्याने घेतलेला आणि त्यातली एक खोली त्याने मला दिलेली. करार झाला, अनामत दिली, किल्ली मिळाली. सहीचा विषय काढला की तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात तो कामात असायचा. शेवटी त्याचा मेसेज आला की सही देणार नाही, कारण पोटभाडेकरू ठेवल्याचं त्याने मालकाला कळवलेलंच नाही. जाहिरातीत याबद्दल अवाक्षर नव्हतं. भाडं मात्र महिन्याच्या सुरुवातीला अगदी वेळेवर हवं असायचं.

एका सहीने एवढं काय अडतं, असं घरचे फोनवर विचारायचे. सगळंच अडतं. व्हिसासाठी आपण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरतो, त्यातले महिन्याला 992 आपल्याला मिळतात. ते जमा व्हायला इथल्या बँकेत आपल्या नावाचं चालू खातं हवं. मी ज्या बँकेत गेले तिने नोंदणीचा दाखला मागितला. दाखल्यासाठी सही हवी, आणि सही करणारा शेजारच्या खोलीत दार लावून बसलेला. माझेच पैसे, माझ्याच नावावर, आणि मी फॉरेक्स कार्डवर उरलेले युरो मोजून मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, जेवत होते. मुदत असलेल्या व्हिसानंतर जे निवास परवान्याचं कार्ड काढावं लागतं, त्यासाठीही नोंदवलेला पत्ता लागतो. व्हिसाची तारीख तर रोज जवळ येत होती.

त्यात टपालपेटी. इथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. बेलवर आणि पेटीवर जे आडनाव असेल तोच तुमचा पत्ता, आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं नाव पेटीवर लावायला हा माणूस तयार नव्हता, इमारतीची देखभाल करणाऱ्यांना दिसेल म्हणून. मी चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं, संध्याकाळी परत आले तर पट्टी काढलेली. नुसता डिंकाचा चौकोन उरलेला. माझं आरोग्य विम्याचं कार्ड याच कारणाने परत गेलं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

वर्गातल्या एका मुलीने सुचवलं म्हणून मी स्टुडिरेंडेनवेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेच्या सोशल काउन्सेलिंगला गेले. हे विद्यार्थ्यांसाठी मोफत असतं आणि तिथे इंग्रजीत बोलता येतं. पहिल्याच आठवड्यात तिथे जा असं मी आज सांगेन, अडचण येईपर्यंत थांबू नका. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बुंडेसमेल्डेगेझेट्झ, म्हणजे नोंदणी कायदा, त्यातलं कलम 19 माझ्यासमोर ठेवलं. ज्याने मला राहायला जागा दिली त्याच्यावर हा कागद देण्याचं बंधन आहे. तो स्वतः भाडेकरू असला तरी माझ्यासाठी घर देणारा तोच, त्यामुळे सही तोच करू शकतो. या सहीसाठी मूळ मालकाची परवानगी लागत नाही. तो नकार देत असेल तर ते मी लगेच नोंदणी कार्यालयाला कळवायचं, असंही त्याच कलमात आहे. कागद न देणाऱ्याला 1,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

त्याच रात्री मी त्याला ईमेल लिहिला. भांडण नाही, आवाज नाही. कलमाचा क्रमांक, त्याच्या नकाराच्या मेसेजची तारीख, आणि शुक्रवारपर्यंत सही मिळाली नाही तर कार्यालयाला कळवावं लागेल एवढंच. दुसऱ्या दिवशी सही केलेला कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. इतके दिवस जे ‘शक्यच नाही’ होतं, ते एका ईमेलने झालं. तो कागद हातात घेताना मला सुटल्यासारखं वाटलं आणि स्वतःचा अभिमानही वाटला. परक्या देशात, परक्या भाषेतल्या कायद्याचा आधार घेऊन मी माझं काम करून घेतलं होतं.

म्हणून सांगते, असे सगळे नकार लेखी मागा. तोंडी नकार उद्या कुणी मान्य करत नाही. जाहिरातीत ‘आनमेल्डुंग शक्य नाही’ असं लिहिलं असेल तर ती खोली सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. आणि दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर नुसती नोंद करून देतो, पैसे द्या, असं कुणी म्हणालं तर अजिबात जाऊ नका. जिथे राहत नाही तिथला पत्ता नोंदवणं बेकायदा आहे.

अपॉइंटमेंटचं सांगायचं राहिलं. ती घर ठरल्याबरोबर बुक करा, सही मिळायची वाट बघू नका. बर्लिनमध्ये राहता त्याच भागातल्या ब्युर्गरआम्टमध्ये जावं असं काही नाही, शहरातलं कुठलंही चालतं. ऑनलाइन कॅलेंडर भरलेलं दिसलं तरी लोक वेळा रद्द करत असतात. मला सकाळी आठच्या सुमारास अशीच एक मोकळी झालेली वेळ मिळाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला श्पांडाउमध्ये. 115 नंबरवर फोन करूनही विचारता येतं. दोन आठवड्यांच्या आतली वेळ नाही मिळाली तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. प्रत्यक्ष खिडकीपाशी दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाईंनी कागद बघितले, टाइप केलं, दाखला छापून दिला. त्यानंतर खातं उघडलं, ब्लॉक्ड अकाउंटचा पहिला हप्ता आला, आणि टॅक्स आयडीही पोस्टाने आला. तोवर पेटीवर माझं नाव लागलेलं होतं.

काही बँका पत्त्याच्या दाखल्याशिवाय नुसत्या पासपोर्टवर खातं उघडतात. भारतातून निघण्याआधी अशी बँक शोधून ठेवा, मग सही रखडली तरी जेवायचे वांधे होणार नाहीत. घर बदललंत की पुन्हा दोन आठवडे आणि पुन्हा नवा कागद. आणि नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो. ते माणशी नसून घरटी असतं, तेव्हा घरातलं कुणी आधीच भरत असेल तर त्याच्या शुल्क खात्याचा क्रमांक कळवून टाका. पत्र बाजूला टाकून देऊ नका, थकबाकी साठत जाते.